गिधाडाचं देणं



कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय 'जैवविविधता आणि माणूस' असा छापला आहे. आयोजकांना आम्ही फोनवर 'नेमकं काय ते कळवतो' असं म्हटलं होतं आणि कळवायचं राहून गेलं. त्यामुळे हा ऐसपैस विषय वाट्याला आला. ऐसपैस विषयाची एक सोय असते. झाडं प्राणवायू देतात, मधमाश्या परागीभवन करतात, माणूस निसर्गाचाच भाग आहे, असं म्हणत म्हणत पाऊण तास निघून जातो आणि मग आभारप्रदर्शन होतं. (हशा) हसू नका, आम्ही स्वतः अशी दोन-चार भाषणं केलेली आहेत.

आज एकाच पक्ष्याबद्दल बोलू. गिधाडाबद्दल. त्यातही पक्षीशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे, आम्ही पुस्तकं वाचणारी माणसं. तेव्हा प्रश्न वाचणाऱ्याचाच आहे. ज्याच्या जिवावर आपण जगतो त्याच्याबद्दल लिहिताना आपल्याकडे शब्द कोणते आहेत, आणि ते पुरे पडतात का? त्यासाठी चार पुस्तकं समोर ठेवतो: एक नाटक, एक अर्थशास्त्राचा अहवाल, एका वनाधिकाऱ्याचं पुस्तक आणि एक आत्मकथन. यांचा एकमेकांशी काय संबंध, असं वाटेल. थोडा धीर धरा.

नाटकापासून सुरू करू. विजय तेंडुलकरांचं 'गिधाडे' १९७० साली रंगमंचावर आलं. डॉ. श्रीराम लागूंनी ते बसवलं. सेन्सॉरशी झालेली भांडणं तुम्हाला माहीत आहेत, त्यात जात नाही. घरातली माणसं इस्टेटीसाठी एकमेकांचे लचके तोडतात, बापाला सोडत नाहीत, बहिणीला सोडत नाहीत. शीर्षक ऐकताच प्रेक्षकाला सगळं कळतं, कारण मराठीत 'गिधाड' ही शिवी आहे आणि ती तेंडुलकरांच्या आधीपासून आहे. टपून बसणारा, मढ्यावर ताव मारणारा. त्यांनी ती भाषेतून उचलली, एवढंच.

आता गंमत बघा. ज्या कामासाठी आपण गिधाडाला शिव्या देतो, ते काम तो पक्षी करतच नाही. आपल्याकडची ही मोठी गिधाडं जिवंत प्राण्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. जे मेलं आहे, जे सडणार आहे, ज्याला तुम्ही-आम्ही हात लावणार नाही, ते ती खातात. गिधाडाच्या पोटातलं आम्ल इतकं तीव्र असतं की सडक्या मांसातले बहुतेक जंतू तिथेच संपतात. थवा मोठा असला तर गायीएवढ्या जनावराची तासाभरात हाडं उरतात. म्हणजे नाटकातल्या त्या कुटुंबाला गिधाडं म्हणणं हा गिधाडांवर अन्याय आहे. तेंडुलकरांशी आमचं भांडण नाही, नाटक थोर आहे. भांडण आहे ते भाषेशी. तिला गिधाडाचं टपून बसणं दिसलं आणि त्याचं काम दिसलं नाही.

आणखी एक गोष्ट. १९७० साली त्या नाट्यगृहात बसलेल्या बहुतेक माणसांनी गिधाड पाहिलेलं असणार. आज हेच नाटक अभ्यासक्रमाला असतं. आम्ही वर्गात विचारतो, गिधाड कुणी पाहिलंय? हात वर होत नाहीत. एकदा एक मुलगा म्हणाला, 'पाहिलंय सर, कार्टूनमध्ये.' पक्षी गेला आणि शिवी राहिली.

तो कसा गेला, हे थोडं विस्तारानं सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

१९९० च्या दशकात राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभू प्रकाश या पक्षीतज्ज्ञांच्या लक्षात आलं की गिधाडं कमी होत आहेत, झाडाखाली मेलेली सापडत आहेत, जिवंत असलेली मान टाकून बसत आहेत. १९९९ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. साथीचा रोग असावा असं अनेकांना वाटलं. २००४ मध्ये पाकिस्तानात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी खरं कारण दाखवलं: डायक्लोफेनॅक. आपल्या गुडघेदुखीचं औषध. ते स्वस्त झालं आणि गुरांनाही टोचलं जाऊ लागलं. बैलाला ताप आला, गाय लंगडली, टोचा. शेतकऱ्याचं यात काय चुकलं? जनावराचं दुखणं कमी करणं हे दयेचंच काम. पण ते जनावर औषध अंगात असताना मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची आणि काही दिवसांत ती मरायची. नंतर हिशेब मांडला गेला तेव्हा लक्षात आलं की शंभर मेलेल्या जनावरांपैकी एकाहूनही कमी जनावरात हे औषध असलं, तरी एवढी पडझड व्हायला ते पुरेसं आहे. कारण एका मढ्यावर पन्नास-शंभर गिधाडं उतरतात. एकत्र जेवणं हाच त्यांचा घात ठरला.

पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारात एक उरलं. लांब चोचीची आणि सडपातळ चोचीची मिळून सुमारे ९७ टक्क्यांनी. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू प्रजननाला यायला चार-पाच वर्षं लागतात, त्यामुळे ही तूट भरून निघायला आपलं आयुष्य पुरणार नाही. २००६ मध्ये भारत सरकारनं जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची कुपीही एका मात्रेपुरतीच ठेवली गेली. किटोप्रोफेन आणि ॲसेक्लोफेनॅक ही दोन भावंडं २०२३ पर्यंत गुरांसाठी चालूच होती.

मढी मात्र थांबली नाहीत. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे देशात ५३ कोटींवर पशुधन आहे. ते मरणारच. मुंबईत डुंगरवाडीवर पारशी समाजाला शवांसाठी आरशांनी सूर्यकिरण एकवटण्याची यंत्रणा बसवावी लागली, ही बातमी तुम्ही वाचली असेल. गावोगावच्या मढ्यांची बातमी झाली नाही. तिथे कुत्री आली.

इथून आपण आकड्यांच्या लेखनाकडे येतो.

२००८ मध्ये अनिल मार्कंड्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंदाज बांधला: गिधाडं गेल्यामुळे किमान ५५ लाख कुत्री वाढली, सुमारे ३ कोटी ८५ लाख जास्तीचे चावे झाले, ४७ हजारांहून अधिक माणसं रेबीजनं जास्तीची मेली. खर्च ३४ अब्ज डॉलर, तोही साधारण चौदा वर्षांचा मिळून. पुढे २०२४ मध्ये एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थतज्ज्ञांनी वेगळ्या वाटेनं तोच प्रश्न सोडवला. ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडांचा वावर होता आणि जिथे तो फारसा नव्हता, त्यांच्या मृत्युदरांची तुलना केली. औषध येण्याआधी दोन्हीकडचे आकडे सारखे चालले होते. नंतर फाटा फुटला. गिधाडांच्या जिल्ह्यांत मृत्युदर चार टक्क्यांहून जास्त वाढला. नुसता रेबीज नव्हे, पाण्यातली घाणही वाढलेली दिसली. २००० ते २००५ या काळात वर्षाला सुमारे एक लाख जास्तीचे मृत्यू, म्हणजे एकूण पाच लाखांच्या आसपास. आणि वर्षाचं नुकसान ६९.४ अब्ज डॉलर.

हा आकडा वर्तमानपत्रांत 'गिधाडांची किंमत' म्हणून फिरला. तिथे वाचणाऱ्यानं थबकायला हवं. अहो, ही गिधाडांची किंमत नाहीच! हा हिशेब मेलेल्या माणसांचा आहे. एका माणसाच्या आयुष्याला अमुक इतके डॉलर, गुणिले एक लाख, असा तो गुणाकार आहे. गिधाड त्या गुणाकारात कुठेच येत नाही. त्या संशोधकांना दोष देता येणार नाही, त्यांनी काय मोजलं ते स्पष्ट लिहिलेलं आहे. आपण मात्र घाईनं पक्ष्याच्या पायाला किमतीची चिठ्ठी बांधली, आणि वाचली ती स्वतःचीच किंमत.

आता मोठं पुस्तक. पार्थ दासगुप्ता केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ. ब्रिटनच्या अर्थखात्यानं त्यांच्याकडे जैवविविधतेच्या अर्थशास्त्राचं काम सोपवलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सहाशे पानांचा अहवाल आला. तो वाचावा असं आम्ही मनापासून सांगू. त्याचा मुख्य मुद्दा साधा आहे: अर्थव्यवस्था निसर्गाच्या आत असते, बाहेर नसते. निसर्ग ही आपली मत्ता आहे, आणि आपण व्याजावर न भागवता मुद्दल खातो आहोत. १९९२ ते २०१४ या काळात जगात दरडोई कारखाने, रस्ते, इमारती असलं भांडवल दुप्पट झालं, शिक्षण-आरोग्याचं म्हणजे मानवी भांडवल सुमारे १३ टक्क्यांनी वाढलं आणि दरडोई निसर्ग-भांडवल जवळजवळ ४० टक्क्यांनी घटलं. वाड्यावर मजला चढवायचा म्हणून पायातले दगड काढून वापरायचे, तसला हा प्रकार.

दासगुप्तांनी आणखी एक फार नेमकी गोष्ट सांगितली आहे. निसर्गातलं बरंचसं हलतं असतं, मुकं असतं आणि अदृश्य असतं, म्हणून बाजाराला ते दिसत नाही. त्यासाठी ते बाजारभावाऐवजी हिशेबी किंमत लावायला सांगतात, म्हणजे ती वस्तू समाजाला खरोखर किती मोलाची आहे ते. निसर्गाचं मोल पैशात संपत नाही हेही त्यांना मान्य आहे. त्याच्या पावित्र्यावरही त्यांनी लिहिलं आहे. तेव्हा 'यांना सगळीकडे पैसाच दिसतो' ही टीका आळशी आहे. ती आम्ही करणार नाही.

आमची अडचण वेगळी आहे. समजा १९९० साली एखाद्या हिशेबनिसानं खरोखर प्रामाणिकपणे गिधाडाची हिशेबी किंमत काढायला घेतली असती. काय लिहिलं असतं त्यानं? जनावरं खातो, स्वच्छता ठेवतो, अमुक रुपये. कुत्र्यांचं, चाव्यांचं, विहिरीच्या पाण्याचं त्याला सुचलं असतं का? नसतंच सुचलं. ते कळायला गिधाडं मरावी लागली आणि पाठोपाठ माणसं मरावी लागली. ज्या वस्तूची किंमत ती मोडल्यावरच काढता येते, तिच्यासाठी खातेवही ठेवून आधी सावध कसं व्हायचं? दासगुप्ता यावर सावधगिरीचं, राखीव ठेवण्याचं उत्तर देतात. ते योग्यच आहे. पण ते उत्तर हिशेबातून निघत नाही. ते शहाणपणातून निघतं, आणि शहाणपण हिशेबाच्या आधी लागतं.

दुसरी अडचण शब्दाची आहे. या सगळ्या लेखनात निसर्ग आपल्याला 'सेवा' देतो. आपल्या सरकारी मराठीतही 'परिसंस्था सेवा' असा शब्द रुळला आहे. बँकेची सेवा, मोबाइल कंपनीची सेवा, तशी पाणथळ जागेची सेवा. सेवा म्हटलं की आपण ग्राहक झालो. ग्राहकाला तक्रार करता येते, दुसरा दुकानदार शोधता येतो. गिधाडांच्या बाबतीत दुसरा दुकानदार म्हणजे कुत्री. त्यांनी कशी सेवा दिली ते आत्ताच सांगितलं.

मग मराठीत याहून बरा शब्द आहे का? आहे. तो एका पुस्तकाच्या शीर्षकात बसलेला आहे.

मारुती चितमपल्लींनी आयुष्यभर वनखात्यात नोकरी केली. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट हा त्यांचा मुलूख. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. त्यांचं 'जंगलाचं देणं' आपल्यापैकी पुष्कळांनी वाचलं असेल. शीर्षक पुन्हा एकदा नीट ऐका. 'देवाचं देणं' म्हणतो तेव्हा देव देतो, आपण घेतो. गोड गळा हे देवाचं देणं. पण 'सावकाराचं देणं' म्हणतो तेव्हा? सावकार देत नाही. सावकाराला आपण द्यायचं राहिलेलं असतं. त्याच दोन शब्दांत दान आहे आणि कर्जही आहे. मग जंगलाचं देणं कुठल्या अर्थानं? देवासारखं की सावकारासारखं? चितमपल्लींच्या मनात काय होतं याची चर्चा आम्ही करत नाही. मराठी भाषा मात्र दोन्ही अर्थ सोडायला तयार नाही. जे मिळालं तेच फेडायचंही आहे, हे ती एका शब्दात सांगते. 'सेवा' शब्दात हे नाही. सेवेचं बिल भरलं की माणूस मोकळा.

चितमपल्लींच्या लेखनाचा मोठा गुण असा की त्यांनी जंगलातल्या माणसांकडून शब्द घेतले आणि कुणाकडून घेतले ते मोकळेपणानं सांगितलं. पण आपण, त्यांचे वाचक, काय केलं? त्यांच्या पुस्तकांची सहल केली. मोहाचा वास, सारसांची जोडी, चांदण्यातलं तळं. शहरातल्या खोलीत बसून वाचताना बरं वाटतं. आम्हालाही वाटतं. निसर्गलेखन आपण विरंगुळा म्हणून वाचतो, त्यामुळे 'देणं'चा पहिला अर्थ आपल्याला पाठ आहे आणि दुसरा कानावरून जातो. ज्या जागी निसर्गावरचं अवलंबन सगळ्यात उघडं असतं ती जागा सुंदर नसते. ती गावाबाहेरची हाडकी असते, जिथे मेलेलं जनावर ओढून नेत, सोलत, आणि जिथे गिधाडं उतरत. तिथे जाऊन निसर्गप्रेमानं लिहिणारा लेखक आम्हाला आठवत नाही.

तिथून लिहिणारे होते. त्यांना आपण निसर्गलेखक म्हणत नाही.

दया पवारांचं 'बलुतं' १९७८ सालचं. दलित आत्मकथन म्हणून ते आपण वाचतो आणि ते बरोबरच आहे. पण आज ते एका वेगळ्या कामासाठी उघडा. बलुतं म्हणजे गावाची कामं करणाऱ्यांना खळ्यावर मिळणारा धान्याचा वाटा. गावाच्या जुन्या व्यवस्थेतला 'सेवा' शब्दाचा मोबदला तो हाच. महारांच्या वाट्याला आलेल्या कामांत मेलेली ढोरं ओढणं होतं. ते काम झालं नसतं तर गावात राहता आलं नसतं. आणि ज्यांनी ते केलं त्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं, त्यांच्या सावलीचाही विटाळ मानला. काम जितकं गरजेचं, तितका करणारा अपवित्र. आता आठवा, गिधाडाला आपण काय मानतो? घरावर बसलं तर अशुभ.

इथे जरा जपून बोलायला हवं. आम्ही माणसांची पक्ष्यांशी तुलना करत नाही. तुलना चालली आहे ती गावाच्या नजरेची. ही नजर ज्याच्यावर अवलंबून असते त्याच्याचकडे पाहायचं टाळते. आणि म्हणूनच एक मोह टाळला पाहिजे. 'निसर्ग हा आपला तेरावा बलुतेदार' असं एक वाक्य भाषणात छान जमतं. आम्हीच एकदा लिहिलं होतं, मग खोडलं. कारण बलुतेदारी ही गोड देवाणघेवाण नव्हती. बळजबरी होती, जन्मानं लादलेली. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत मांस सोडा, मेलेली ढोरं ओढणं सोडा असं सांगितलं, ते याच व्यवस्थेला दिलेला नकार होता. निसर्गाशी आपलं नातं कसं असावं हे सांगायला बलुतेदारीचा दाखला देणं म्हणजे त्या नकाराचा अपमान आहे. मात्र ते नातं आज कसं आहे हे सांगायला तो दाखला दुर्दैवानं चपखल बसतो.

माणूस नकार देऊ शकतो, गिधाड देऊ शकत नाही. त्याला संप माहीत नाही, ते नुसतं नाहीसं होतं. २०१६ च्या जुलैमध्ये गुजरातेत ऊना इथे मेलेल्या गायीचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारलं. त्यानंतर तिथल्या दलितांनी काय केलं? सुरेंद्रनगरला मेलेली जनावरं आणून जिल्हाधिकारी कार्यालयासमोर टाकली, आणि ठिकठिकाणी हे काम बंद केलं. मढी पडून राहिली. वर आभाळात गिधाडं तर आधीच नव्हती. जे दोघं गावाचं मढं उचलत होते, त्यातला एक औषधानं संपला होता आणि दुसऱ्यानं हात वर केले होते. त्या दिवसांतली दुर्गंधी हे अवलंबनाचं जितकं स्पष्ट विधान आहे, तितकं दासगुप्तांच्या सहाशे पानांत आम्हाला सापडलं नाही.

तर वाचक म्हणून आमचं म्हणणं असं. अर्थशास्त्र गिधाडाचं काम मोजतं, पण मढं तिथवर कोणी ओढलं हा प्रश्न त्याच्या तक्त्यात नसतो. निसर्गलेखन ज्या जागा निवडतं त्यांत हाडकी नसते. आत्मकथनात ती आहे, आणि ते आपण निसर्गाच्या कपाटात ठेवत नाही. ग्रंथालयातली ही वर्गवारीच चुकीची आहे. 'बलुतं' आणि 'जंगलाचं देणं' शेजारी-शेजारी ठेवून वाचा. एकाशिवाय दुसरं अपुरं वाटायला लागतं की नाही ते बघा.

आणि एक पाचवं पुस्तकही आहे, जे तुम्ही बहुधा वाचलेलं नसेल. ते तुमच्याच गावात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी असं सांगितलं, आणि लोकांशी बोलून 'लोक जैवविविधता नोंदवही' तयार करणं हे तिचं मुख्य काम ठरलं. कल्पना सुरेख आहे. अवलंबनाचं पुस्तक गावानं स्वतः लिहायचं. आम्ही एका गावची नोंदवही मागून पाहिली. गावाचं नाव सांगत नाही, कारण दोष त्या एका गावाचा नाही. वनस्पतींची यादी कुठून तरी उतरवलेली दिसत होती, कारण त्यात त्या भागात न उगवणारी झाडं होती. पक्ष्यांत 'गिधाड' होतं, आणि पुढे 'सर्वत्र आढळते'.

बाहेर पारावर एक म्हातारे बसले होते. त्यांना विचारलं, 'आबा, इथं गिधाडं आहेत का हो?' ते म्हणाले, 'कुठली आता? आमच्या पोराच्या लग्नाआधी होती. त्या वडावर बसायची, पांढरा सडा पडलेला असायचा खाली.' मग त्यांनी हातानं दाखवलं. हाडकी कुठे होती, जनावर कुठल्या वाटेनं ओढत, ओढणारी माणसं कुठल्या आळीची, त्यांनी काम कधी सोडलं, त्यानंतर गडी मिळेना म्हणून ट्रॅक्टरला दोर बांधून कुठल्या ओढ्यात टाकायला लागले, आणि त्या ओढ्याच्या खालच्या अंगाला कुणाची विहीर होती. सगळं दहा मिनिटांत. नोंदवही लिहिणारे आपल्याकडे आले होते का, विचारलं तर म्हणाले, 'आले असतील. आम्ही वावरात होतो.'

आता चिठ्ठ्या घेऊ. पहिली चिठ्ठी कुणा शेतकरी भावाची दिसते. विचारलं आहे, 'मग जनावर दुखण्यानं ओरडत असेल तर आम्ही काय करायचं, बघत बसायचं?'

नाही, बघत बसायचं नाही. मेलॉक्सिकॅम नावाचं औषध आहे. ते गिधाडांना बाधत नाही हे २००६ मध्येच प्रयोगांनी दिसून आलं. टॉल्फेनॅमिक ॲसिडही सुरक्षित आढळलं आहे. डॉक्टर इंजेक्शन भरतील तेव्हा बाटलीवरचं नाव वाचा, मराठीत नसलं तरी वाचून दाखवा म्हणा. आणि औषध दिलेलं जनावर दोन-तीन दिवसांत दगावलं तर ते उघड्यावर टाकू नका, पुरा. पुरायला माणसं कुठून आणायची, असं खाली दुसऱ्या शाईनं लिहिलंय. हा प्रश्न फक्त तुम्ही सोडवायचा नाही, ग्रामसभेत मांडायचा आहे, आणि त्या वेळी खड्डा कोण खणणार याचं उत्तर पुन्हा त्याच आळीकडे बोट दाखवून द्यायचं नाही.

पुढची चिठ्ठी द्या.